वॉशिंग्टनची बोलणी फिसकटली असती तर: १९२२ चा नाविक तह आणि तोफांचा हिशोब

१२ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टनमधल्या काँटिनेंटल मेमोरियल हॉलमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूज नाविक शस्त्रकपात परिषदेच्या उद्घाटनाच्या भाषणाला उभे राहिले. पाहुण्यांनी स्वागताच्या चार गोड शब्दांची अपेक्षा धरली होती. ह्यूज यांनी थेट यादीच वाचायला घेतली. अमेरिका ३० मोठ्या युद्धनौका मोडीत काढेल, ब्रिटनने १९ काढाव्यात, जपानने १७. एकूण ६६ नौका, १८,७८,०४३ टन. त्यातल्या कित्येक अजून गोदीतच होत्या, काहींची तर नुसती कील, म्हणजे तळाचा कणा, घातलेली होती.

पुढे तीन महिन्यांत तह झाला. पण मधल्या काळात तो मोडायच्या बेताला आला होता, म्हणूनच पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यांचा हा आवडता प्रसंग आहे. त्यांचं नेहमीचं चित्र असं: तह फिसकटतो, सगळे देश चेकाळतात आणि १९३० पर्यंत प्रशांत महासागर १८ इंची (नळीचा आतला व्यास १८ इंच) तोफांच्या महाकाय नौकांनी भरून जातो. हे चित्र आम्हाला पटत नाही. आराखडा कागदावर काढता येतो, पण नौका बांधायला स्लिपवे (जिथे जहाज बांधून पाण्यात सोडतात तो उतार) लागतो, चिलखत लागतं आणि दरवर्षी मंजूर झालेला पैसा लागतो. या तिन्हींचा हिशोब मांडला की दिसतं ते वेगळंच. तहात ठरलेले अमेरिकेच्या तुलनेतले ६० टक्के जपानने नाकारले असते, तर प्रत्यक्षात त्याच्या पदरात ५० टक्केच पडले असते.

तहात काय होतं

६ फेब्रुवारी १९२२ ला सह्या झालेल्या तहाने मोठ्या युद्धनौकांची एकूण मर्यादा ठरवली: अमेरिका आणि ब्रिटन प्रत्येकी ५,२५,००० टन, जपान ३,१५,०००, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी १,७५,०००. यालाच ५:५:३ चं प्रमाण म्हणतात. एक नौका ३५,००० टनांहून जड नको, तिची तोफ १६ इंचांहून मोठी नको, आणि ठरलेले अपवाद सोडले तर दहा वर्षं नवी बांधणी बंद. शिवाय १९ व्या कलमानुसार पॅसिफिकमधल्या ठरावीक बेटांवर नवे तळ किंवा तटबंदी उभारायची नाही. हवाई आणि सिंगापूर मात्र त्यातून वगळले होते.

इथे 'टन' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण बरेच लेख इथेच घसरतात. तहाने 'प्रमाणित वजन' अशी नवी मोजणी आणली. जहाज पूर्ण तयार, खलाशी चढलेले, दारूगोळा, शिधा, पिण्याचं पाणी सगळं भरलेलं. फक्त इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी धरायचं नाही. एक टन म्हणजे १,०१६ किलो. इंधन वगळलं, कारण ब्रिटन आणि अमेरिका यांना लांबलांबच्या सफरींसाठी ते जास्त न्यावं लागे आणि त्या ओझ्यापायी त्यांच्या वाट्याचं चिलखत कमी व्हायला नको होतं. तहाआधीच्या आराखड्यांवरचे आकडे मात्र काही इंधन धरून काढलेले असतात. त्यामुळे १९२० चा ४३,२०० टनांचा आराखडा आणि तहानंतरची ३५,००० टनांची नौका शेजारी ठेवून वजाबाकी केली की उत्तर चुकतं. म्हणून पुढे आपण टनांऐवजी तोफा मोजू. त्या मोजायला सोप्या, आणि वाद त्यांच्याचसाठी होता.

साठ की सत्तर?

जपानला अमेरिकेच्या १०० ला ७० हवे होते. बाहेरच्या माणसाला हा दहा टक्क्यांचा हट्ट वाटेल, पण त्यामागे गणित आहे.

पहिला भाग संख्येच्या वर्गाचा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलं की लांब पल्ल्याच्या तोफांच्या लढाईत बळ संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कारण ज्याच्याकडे जास्त नौका, तो एकेका शत्रूनौकेवर अनेकांचा मारा एकवटू शकतो. १०० विरुद्ध ७० म्हणजे १०,००० विरुद्ध ४,९००. फरक ५,१००, त्याचं वर्गमूळ ७१; लढाई शेवटपर्यंत गेली तर मोठ्या आरमाराचे ७१ शिल्लक राहतात. १०० विरुद्ध ६० असेल तर ८० शिल्लक राहतात, आणि १०० विरुद्ध ५० असेल तर ८७.

दुसरा भाग अंतराचा. त्या काळच्या नौदल चर्चेत एक ढोबळ ठोकताळा होता: तळापासून दर हजार सागरी मैलांमागे आरमाराची ताकद दहा टक्क्यांनी घटते. बॉयलर थकतात, जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चढून वेग घटतो, जखमी नौकेला जवळ गोदी नसते. होनोलुलू ते योकोहामा अंतर सुमारे ३,४०० सागरी मैल. म्हणजे हवाईहून निघालेलं १०० चं अमेरिकन आरमार जपानच्या दारात पोहोचेपर्यंत ६६ चं झालेलं. जपानकडे ७० असतील तर पारडं जपानचं जड, ६० असतील तर अमेरिकेचं. सगळा झगडा या दोन आकड्यांच्या मधल्या जागेसाठी होता. हा ठोकताळा तंतोतंत खरा नव्हता, पण निर्णय घेणारी माणसं अशाच आडाख्यांवर चालत होती.

बोलणी कुठे मोडू शकत होती

दोन ठिकाणं पुढे केली जातात.

पहिलं म्हणजे तारा. हर्बर्ट यार्डली यांच्या हाताखालचा अमेरिकेचा गुप्तलिपी विभाग जपानी तारा उलगडत होता. २८ नोव्हेंबरच्या तारेतून कळलं की अगदीच नाइलाज झाला तर टोकियो ६० वर उतरायला तयार आहे. हे हातात आल्यावर ह्यूज ६० ला चिकटून बसले. ही तार उलगडली नसती तर तह मोडला असता, असं अनेक जण लिहितात. आमच्या मते हा तर्क लंगडा आहे. तार वाचली गेली नसती तरी टोकियोची माघारीची तयारी तशीच होती. ह्यूज अंधारात असते तर फार तर ६५ वर सौदा तुटला असता. त्यातून तह जपानच्या बाजूला थोडा कलला असता, मोडला नसता.

दुसरं ठिकाण 'मुत्सु'. ह्यूज यांच्या यादीत ही नौका 'अपुरी' म्हणून मोडीत निघायची होती. जपानचं म्हणणं, ती २४ ऑक्टोबरलाच आरमारात दाखल झाली आहे. तिच्या खर्चाला शाळकरी मुलांनीही वर्गणी दिली होती, त्यामुळे ती सोडणं टोकियोला राजकीयदृष्ट्या शक्यच नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. जपानने मुत्सु ठेवून जुनी 'सेत्सु' काढली. बदल्यात अमेरिकेने 'कोलोरॅडो' आणि 'वेस्ट व्हर्जिनिया' पूर्ण केल्या, तर ब्रिटनला 'नेल्सन' आणि 'रॉडनी' या दोन नव्या नौका बांधायची मुभा मिळाली.

हा तोडगा निघाला त्यात मोठा वाटा नौदलमंत्री अ‍ॅडमिरल कातो तोमोसाबुरो यांचा. जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख तेच. त्यांचे तांत्रिक सल्लागार कातो कांजी मात्र ७० वर अडून होते. आडनाव एकच, मतं दोन टोकांची. पंतप्रधान हारा ताकाशी यांचा ४ नोव्हेंबरला टोकियो स्थानकावर खून झाला होता, राजदूत शिदेहारा परिषद चालू असताना आजारी होते. त्या डिसेंबरात कातो तोमोसाबुरोही अंथरुणाला खिळले असते, तर नौदलाच्या बाजूने बोलायला कातो कांजी उरले असते. (पुढे ऑगस्ट १९२३ मध्ये तोमोसाबुरो कर्करोगाने गेलेच.) तह मोडायला पुरेसा असा एकच बदल निवडायचा, तर आम्ही हा निवडू: प्रमुख कातो आजारी, मुत्सु आणि ७० यांवर जपान ठाम, नाताळाआधी परिषद संपली.

१५२ विरुद्ध ७६

आता तोफा मोजू. फक्त १६ इंची, आणि फक्त बांधून झालेल्या किंवा कील घातलेल्या नौकांच्या.

अमेरिकेच्या १९१६ च्या कायद्याने दहा युद्धनौका आणि सहा बॅटलक्रूझर मंजूर झाल्या होत्या. (बॅटलक्रूझर म्हणजे तोफा युद्धनौकेच्याच, पण चिलखत पातळ आणि वेग जास्त.) कोलोरॅडो वर्गाच्या चार नौका, प्रत्येकी ८ तोफा: ३२. साउथ डकोटा वर्गाच्या सहा, प्रत्येकी १२: ७२. लेक्सिंग्टन वर्गाचे सहा बॅटलक्रूझर, प्रत्येकी ८: ४८. बेरीज १५२.

जपानकडे नागातो आणि मुत्सु, प्रत्येकी ८: १६. कागा आणि तोसा, प्रत्येकी १०: २०. अमागी, अकागी, अतागो, ताकाओ, प्रत्येकी १०: ४०. बेरीज ७६. बरोबर निम्मं.

आणि प्रत्यक्ष तहानंतर काय उरलं? अमेरिकेकडे १६ इंची तोफांच्या तीन नौका, २४ तोफा. जपानकडे दोन, १६ तोफा. म्हणजे ६७ टक्के. एकूण टनांत जपानला ६० मिळाले, पण सर्वांत जबर तोफांमध्ये तो जवळजवळ ७० वर होता. कातो कांजींचा गट ज्या तहाला अपमान म्हणत होता, त्याने जपानपेक्षा अमेरिकेची बांधणी कितीतरी जास्त थांबवली होती. कोलोरॅडो वर्गातली फक्त 'वॉशिंग्टन' घ्या: तीन चतुर्थांश पूर्ण झालेली ही नौका नोव्हेंबर १९२४ मध्ये अमेरिकेने स्वतःच तोफांचा मारा करून बुडवली.

कोणी म्हणेल, जपानच्या 'आठ-आठ' योजनेत (आठ युद्धनौका, आठ बॅटलक्रूझर) अजून आठ नौका होत्या: कीई वर्गाच्या चार, आणि त्यानंतर १८ इंची तोफांच्या चार. होत्या, पण त्यांच्यातल्या एकीचीही कील पडली नव्हती. इथे स्लिपवे आडवा येतो. एवढी मोठी नौका जपानमध्ये चारच ठिकाणी बांधता येत होती: कुरे, योकोसुका, कोबेची कावासाकी गोदी आणि नागासाकीची मित्सुबिशी गोदी. कागाची कील जुलै १९२० मध्ये पडली आणि जलावतरण १७ नोव्हेंबर १९२१ ला झालं: १६ महिने. तोसाला २२ महिने लागले. पाण्यात उतरल्यावर तोफा, बुरूज आणि चिलखत चढवायला आणखी वर्षभर तरी हवंच. गोद्या किती घाईत होत्या ते पाहा: कोबेला कागा उतरल्यावर पाचव्या दिवशी अतागोची कील पडली, नागासाकीला तोसा उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी ताकाओची. म्हणजे चारही जागा १९२२-२३ पर्यंत भरलेल्या. कीई वर्गाला जागा त्यानंतर, आणि १८ इंचीवाल्यांना १९२४-२५ च्या पुढे. तोवर अमेरिकेच्या सोळा नौका तयार झाल्या असत्या.

पैसा, आणि १ सप्टेंबर १९२३

या हिशोबाला एक खरी हरकत आहे: अमेरिकेची काँग्रेस पैसे देईल का? डिसेंबर १९२० मध्ये सिनेटर विल्यम बोरा यांनी तिन्ही देशांनी बांधणी निम्म्यावर आणावी असा ठराव मांडला होता आणि लोकमत त्यांच्या बाजूला होतं. कायदा जुना असला तरी निधी वर्षावर्षाला मंजूर करावा लागे. अमेरिकेने स्वतःच हात आखडता घेतला असता तर १५२ चा आकडा कोसळला असता. पण परिषद मोडण्याची पद्धत इथे महत्त्वाची ठरते. ह्यूज यांनी जगासमोर ३० नौका मोडायची तयारी दाखवली होती. त्यानंतर बोलणी जपानच्या हट्टामुळे मोडली, असं चित्र वर्तमानपत्रांत उभं राहिलं असतं तर बोरा यांच्या बाजूचे लोकच निधीच्या बाजूला वळले असते, असं आम्हाला वाटतं. लेक्सिंग्टन वर्गातल्या एक-दोन कमी झाल्या असत्या, पण १५२ चे ७६ झाले नसते.

जपानचं तसं नव्हतं. मार्च १९२० मध्ये टोकियोचा शेअरबाजार कोसळला होता आणि १९२१ मध्ये सरकारी खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकटं नौदल खात होतं. कातो तोमोसाबुरोंनी २७ डिसेंबर १९२१ ला वॉशिंग्टनहून आपल्या खात्यासाठी जे टिपण लिहवून घेतलं, त्याचा आशय असा: पैशाशिवाय युद्ध होत नाही, जपानला एवढं कर्ज देऊ शकेल असा देश एकच, अमेरिका, तेव्हा अमेरिकेशी युद्ध जपानला शक्यच नाही. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात इतका नितळ विचार दुसऱ्या कोणी मांडला नाही.

मग येतो भूकंप. पर्यायी इतिहासाचा साधा नियम आहे: माणसांचे निर्णय बदलतील, जमिनीखालचे थर बदलणार नाहीत. १ सप्टेंबर १९२३ चा कांतो भूकंप त्याही जगात होणार आणि लाखभर माणसं मरणार. खऱ्या इतिहासात योकोसुकाच्या स्लिपवेवर अमागी होती. विमानवाहू नौकेत तिचं रूपांतर चालू होतं, सांगाडा इतका वाकला की ती मोडीत काढावी लागली. अनेक लेखक त्या दुसऱ्या जगातही अमागीलाच भूकंपात मारतात. हे चुकीचं आहे. तिची कील डिसेंबर १९२० मध्ये पडली होती. काम थांबलंच नसतं तर १६ ते २२ महिन्यांच्या हिशोबाने ती १९२२ मध्येच पाण्यात उतरली असती आणि भूकंपाच्या दिवशी तरंगत असती. स्लिपवेवर सापडली असती तिच्यामागची नौका, बहुधा कीई वर्गातली, अर्धवट बांधलेली.

खरा घाव मात्र पैशाचा. भूकंपानंतरच्या उभारणीसाठी फेब्रुवारी १९२४ मध्ये जपानने न्यूयॉर्कमध्ये १५ कोटी डॉलर आणि लंडनमध्ये अडीच कोटी पौंडांचं कर्ज उभारलं. तह मोडून अमेरिकेशी शर्यत चालू असताना हेच कर्ज मागायला तोच न्यूयॉर्कचा बाजार. तिथे अटी पडल्या असत्या, आणि पहिली अट नौकांवरच आली असती. म्हणून आमचा अंदाज, १९२४-२५ मध्ये दुसरी परिषद भरली असती. त्या वेळी पाण्यावरचं प्रमाण १०० ला ५० असतं आणि जपानला ६० मागून घ्यावे लागले असते.

ब्रिटन, आणि पुण्याशी जोडलेला एक धागा

ब्रिटनने ऑक्टोबर १९२१ मध्ये चार जी-३ बॅटलक्रूझरची मागणी नोंदवली होती: ४८,४०० टन, नऊ १६ इंची तोफा, ३२ नॉट (तासाला ३२ सागरी मैल) वेग. ह्यूज यांच्या भाषणानंतर सहाच दिवसांनी ते काम थांबवलं गेलं. बोलणी मोडली असती तर ते परत सुरू झालं असतं, कारण तिसऱ्या क्रमांकावर जाणं लंडनला सहन झालं नसतं. पण ब्रिटनच्या डोक्यावर अमेरिकेचं महायुद्धाचं कर्ज होतं; १९२३ मध्ये ते ४६० कोटी डॉलरवर ठरलं. ऋणकोने सावकाराशी नौकांची शर्यत लावायची, तीही देशात खर्चकपात चालू असताना. चार जी-३ झाल्या असत्या, १८ इंची तोफांच्या नियोजित एन-३ युद्धनौका नाहीत.

ब्रिटनपुढचं खरं संकट वेगळं होतं. १९०२ पासूनचा जपानशी असलेला मैत्रीकरार १३ डिसेंबर १९२१ च्या चार राष्ट्रांच्या कराराने सन्मानाने संपला. परिषदच फिसकटली असती तर हा करार लटकत राहिला असता. तो चालू ठेवावा तर अमेरिका आणि कॅनडा दुखावणार, तोडावा तर जपान उघडा शत्रू होणार.

भारताच्या वतीने या परिषदेत व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा त्यांच्याकडे आली होती. तहावर भारताची वेगळी सही आहे. भारताला युद्धनौकांचा वेगळा वाटा नव्हता, साम्राज्याच्या एकूण आकड्यातच तो धरला होता. पण सिंगापूरच्या तळाचा निर्णय जून १९२१ मध्ये झालेला होता, आणि मैत्रीकरार तुटक्या अवस्थेत असता तर हिंदी महासागराच्या या दाराची घाई कैक पटींनी वाढली असती. प्रत्यक्षात तिथली मोठी गोदी उघडली ती १९३८ मध्ये.

ग्वाम

१९ व्या कलमाकडे तोफांच्या नादात फार थोडे लोक बघतात. ग्वाम ते योकोहामा अंतर सुमारे १,३५० सागरी मैल. मघाचाच ठोकताळा लावा: ग्वामला पूर्ण तळ असता तर अमेरिकेचं १०० चं आरमार जपानपर्यंत ८६ उरतं, हवाईहून ६६. तहाने जपानला ही वीस गुणांची भेट दिली होती. ग्वामला मोठी गोदी, तेलाच्या टाक्या आणि किनारी तोफा उभारायला वर्षं लागली असती आणि पैसाही भरपूर लागला असता. काँग्रेसने १९२२ लाच तो दिला असता असं नाही. पण तसं करायची मोकळीक असणं एवढंच टोकियोच्या योजनाकारांची झोप उडवायला पुरेसं होतं.

विमानवाहू नौकांचं काय

तहाने दोन्ही देशांना मोडीत निघणाऱ्या दोन-दोन सांगाड्यांच्या विमानवाहू नौका करायची परवानगी दिली, प्रत्येकी ३३,००० टनांपर्यंत. त्यातून 'लेक्सिंग्टन', 'साराटोगा', 'अकागी' आणि (अमागीच्या जागी) 'कागा' झाल्या. अमेरिकेच्या दोघी प्रत्यक्षात ३६,००० टनांच्या होत्या. जुन्या नौकांना हवाई आणि पाणबुडी हल्ल्यापासून संरक्षणासाठी ३,००० टन वाढवता येतील अशी तरतूद होती, तिचा आधार घेऊन हे जास्तीचं वजन बसवलं गेलं. तह नसता तर या चारही बॅटलक्रूझर किंवा युद्धनौका म्हणूनच पूर्ण झाल्या असत्या. एवढा मोठा सांगाडा विमानांसाठी द्यायला त्या काळी कोणतंही नौदल आपणहून तयार झालं नसतं. उरल्या असत्या जपानची 'होशो' आणि अमेरिकेची 'लँग्ली' अशा छोट्या, प्रयोगापुरत्या नौका.

जानेवारी १९२९ च्या अमेरिकन आरमाराच्या सरावात साराटोगा मुख्य ताफ्यापासून वेगळी होऊन रात्रीतून भरवेगाने पनामाच्या दिशेने गेली आणि पहाटे तिच्या विमानांनी कालव्यावर लुटुपुटीचा हल्ला चढवला. तिचा वेग ३३ नॉट होता, म्हणूनच हे जमलं. त्या दुसऱ्या जगात त्याच जानेवारीत साराटोगा समुद्रावर असती, पण डेकवर आठ १६ इंची तोफा घेऊन. आणि विमानं न्यायला १५ नॉटने चालणारी लँग्ली असती, जी पहाटेपर्यंत पनामाच्या टप्प्यात पोहोचलीच नसती.